हंस, डिंभक आणि दोनशे पण

माझी भाची तिच्या मैत्रिणीसोबत राहते. दोघींनी एकमेकींना जोडीदार मानलं आहे आणि घरातल्या सगळ्यांना हे आता ठाऊक आहे. त्यावरून घरात बरीच बोलाचाली झाली. रडारड झाली, अबोले झाले, हळूहळू निवळलेही. पण त्या सगळ्यात मला चक्रावून टाकलं ते दोन वाक्यांनी. आमचे मोठे काका म्हणाले, "आपल्या शास्त्रात हे निषिद्ध आहे." आणि माझा चुलतभाऊ तितक्याच ठामपणे म्हणाला, "आपल्या शास्त्राचा याला कधीच विरोध नव्हता. हे सगळं इंग्रजांनी आणलं." एकाच शास्त्राची शपथ घेऊन दोन माणसं नेमकी उलट बोलत होती आणि दोघांच्याही आवाजात शंकेला जागा नव्हती.

शाळेत शिकलेलं संस्कृत एवढीच माझी शिदोरी. तरी स्वतः वाचून पाहायचं ठरवलं. भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तू जरूर वाच. पण वाचून झाल्यावर मला निकाल सांगायला येऊ नकोस." तिच्या या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला नव्हता.

ग्रंथालयात गेले आणि पहिल्याच पायरीवर अडले. शास्त्र म्हणजे कोणतं? श्रुती की स्मृती? पुराणं की महाभारत? कौटिल्याचं अर्थशास्त्र हेही शास्त्र, वात्स्यायनाचं कामसूत्र हेही शास्त्र. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड समोर आले. पहिला १९३० साली निघाला, पाचवा १९६२ साली पुरा झाला. एवढ्या मोठ्या विद्वानाची तीन दशकं ज्या विषयात गेली, तो विषय "शास्त्रात लिहिलंय" या दोन शब्दांत कसा मावणार? ते खंड नुसते चाळतानाही एक गोष्ट लक्षात येत गेली. स्मृतिकार एकमेकांशी जुळत नाहीत, भाष्यकार स्मृतिकारांना वळण देतात आणि निबंधकार, म्हणजे धर्मशास्त्राचे संकलनग्रंथ रचणारे, त्या भाष्यांतून निवड करतात. आपल्याकडे मतभेद हा अपवाद नव्हताच, तो रोजचा व्यवहार होता.

मग मी ओळखीच्या टोकापासून सुरुवात केली. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी 'ऑर्गनायझर' आणि 'पांचजन्य' या नियतकालिकांना मुलाखत दिली होती. समलिंगी माणसं समाजात पूर्वीपासून आहेत, त्यांनाही जगण्याचा अधिकार आहे, असं सांगताना त्यांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक या दोन सेनापतींचा दाखला दिला. कृष्णाने एकाच्या मृत्यूची अफवा पसरवली आणि दुसऱ्याने जीव दिला, त्या दोघांचं नातं तसंच होतं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. माझ्या चुलतभावाने हाच दाखला काकांच्या तोंडावर फेकला होता.

मी सभापर्व काढलं. राजसूय यज्ञाच्या आधी कृष्ण युधिष्ठिराला जरासंधाचं बळ समजावून सांगतो, तिथे ही कथा येते. हंस आणि डिंभक हे शस्त्राने न मरणारे वीर. हंस नावाचाच दुसरा एक राजा लढाईत मारला जातो आणि कुणीतरी म्हणतं, हंस मेला. ते ऐकून डिंभक ठरवतो की हंसाविना या जगात आपल्याला जगायचं नाही. तो यमुनेत बुडून मरतो. ही बातमी हंसाला कळते, तोही त्याच यमुनेत जाऊन बुडतो. दोघे गेले हे ऐकून जरासंध आपल्या नगरीला परत फिरतो. मोजक्या श्लोकांत कथा संपते.

मी ती पुन्हा पुन्हा वाचली. इथे अफवा कृष्णाने मुद्दाम उठवली असं दिसत नाही, नावाच्या सारखेपणातून गफलत होते. आणि दोघांचं नातं काय? ते प्रेमी होते असं तिथे म्हटलेलं नाही. भाऊ होते असंही तिथे म्हटलेलं नाही. एकाशिवाय दुसऱ्याला जगावंसं वाटलं नाही, एवढंच महाभारत सांगतं.

पुढचा गोंधळ हरिवंशाने घातला. त्याच्या प्रचलित पाठात, भविष्यपर्वात, हंस आणि डिंभक यांचं मोठं आख्यान आहे. तिथे ते शाल्वनगरीच्या ब्रह्मदत्त राजाचे मुलगे आहेत, म्हणजे भाऊ. काकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे वाद संपला असं जाहीर केलं असतं. पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. १९१९ ते १९६६ एवढा काळ हस्तलिखितं ताडून पाहण्याचं ते काम चाललं. त्याच संस्थेसाठी प. ल. वैद्य यांनी हरिवंशाचीही चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मूळ पाठात फक्त ११८ अध्याय ठेवले आणि हे आख्यान त्या पाठाबाहेर परिशिष्टात गेलं. मग आता हंस आणि डिंभक भाऊ की नव्हेत? कोणता पाठ हाती धरला, त्यावर उत्तर अवलंबून.

मला यातून जे जाणवलं ते असं. सभापर्वातल्या त्या श्लोकांत दोन पुरुषांच्या पराकोटीच्या जिव्हाळ्याला कुठेही दूषण नाही, हे कुणालाही मान्य करावं लागेल. त्यापुढे जाऊन त्या जिव्हाळ्याला नाव देणं हे वाचणाऱ्याचं काम आहे, आणि ते आपण केलं हे वाचणाऱ्याने उघडपणे सांगायला हवं. भागवतांनी नाव दिलं. काका दुसरं देतील. व्यासांनी दिलेलं नाही.

कथा झाली, आता कायदा पाहू, म्हणून मनुस्मृतीकडे वळले. आठव्या अध्यायात दंड आहेत. एका कन्येने दुसऱ्या कन्येला दूषित केलं तर दोनशे पण (पण म्हणजे त्या काळचं नाणं) दंड, शुल्काच्या म्हणजे वधूमूल्याच्या दुप्पट रक्कम आणि दहा फटके. पण मोठ्या स्त्रीने कन्येला दूषित केलं तर मुंडण किंवा दोन बोटं कापणं आणि गाढवावरून धिंड. वाचून अंगावर काटा आला. काका म्हणत होते ते हेच असणार, असं वाटलं.

मग त्याच्या वरचे श्लोक वाचले. पुरुषाने बळजोरीने कन्येला तसंच दूषित केलं तर त्याचीही दोन बोटं कापायची आणि सहाशे पण दंड घ्यायचा. कन्येची इच्छा असेल तर बोटं वाचतात आणि दंड उतरतो दोनशे पणांवर. म्हणजे तोच आकडा! रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी भारतीय साहित्यातल्या समलिंगी प्रेमाचा मोठा संग्रह २००० साली प्रसिद्ध केला. वनिता यांचं म्हणणं असं की इथे गुन्हा आहे कौमार्य बिघडवण्याचा. करणारा पुरुष आहे की स्त्री, हा मूळ मुद्दा नाही. मुलीच्या लग्नाची किंमत घटते म्हणून शिक्षा आहे, आणि दोन प्रौढ स्त्रियांनी एकमेकींवर प्रेम केलं तर त्यासाठी इथे दंड सांगितलेला नाही. श्लोक एकापाठोपाठ एक वाचले की हे पटतं.

पण पूर्ण समाधान होत नाही. ज्या स्मृतीत स्त्रीने बाप, नवरा आणि मुलगा यांच्या ताब्यातच राहावं, कधीही स्वतंत्र असू नये, असं सांगितलं आहे, त्या स्मृतीला दोन बायकांचं वेगळं घर सुचणार तरी कसं? मनूचं त्याबाबतचं मौन म्हणजे परवानगी, असं मला म्हणवत नाही. त्याला मनाई म्हणणंही तितकंच ओढूनताणून होईल.

पुरुषांबद्दल अकराव्या अध्यायात येतं. पुरुषाशी मैथुन हे जातीतून भ्रष्ट करणाऱ्या पापांत घातलं आहे, पण त्याच यादीत कपटाने वागणं आहे, हुंगू नये ते हुंगणं आहे. पुढे प्रायश्चित्तांमध्ये आणखी एक श्लोक आहे: पुरुषाशी किंवा स्त्रीशी, बैलगाडीत, पाण्यात, दिवसा मैथुन केलं तर द्विजाने अंगावरच्या कपड्यांसह स्नान करावं. आता बैलगाडी, पाणी आणि दिवस या अटी फक्त स्त्रीसंगाला लागू की पुरुषसंगालाही? पहिलं मानलं तर पुरुषसंग कुठेही, केव्हाही दोषाचा. दुसरं मानलं तर दोष ठिकाणाचा आणि वेळेचा. श्लोक दोन्ही वाचनांना वाव देतो. कसाही वाचला तरी प्रायश्चित्त आहे आंघोळीचं.

कौटिल्य आणखी निराळा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी संपादित केलेलं अर्थशास्त्र उघडलं. चौथ्या अधिकरणात पुरुषाने पुरुषाशी संग केल्यास पूर्वसाहस दंड आहे, म्हणजे साहसदंडांच्या तीन पायऱ्यांमधला सर्वांत खालचा, ४८ ते ९६ पणांचा. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या भारतीय दंड संहितेत, जी १८६२ पासून लागू झाली, कलम ३७७ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. या दोहोंतलं अंतर प्रचंड आहे, आणि तेवढ्यापुरता माझा चुलतभाऊ खरा बोलत होता. पण दंड कमी असला तरी तो दंडच. "विरोध कधीच नव्हता" हे वाक्य इथे टिकत नाही.

कामसूत्रात तर सूरच बदलतो. दुसऱ्या अधिकरणाच्या नवव्या अध्यायात तृतीया प्रकृतीच्या, म्हणजे स्त्री आणि पुरुष यांहून वेगळ्या तिसऱ्या प्रकृतीच्या माणसांचं वर्णन आहे आणि एकमेकांचं हित पाहणाऱ्या, दृढ विश्वासाच्या नागरकांचाही उल्लेख आहे. काही अभ्यासक तिथे परस्परांमधली केवळ कामक्रिया पाहतात, तर आलँ दानिएलू यांच्यासारखा भाषांतरकार त्यात विवाह पाहतो. एका श्लोकातून शय्याही निघते आणि बोहलंही!

इथपर्यंत आल्यावर मी अगदी थकून गेले. वाटलं, शास्त्र म्हणजे ज्याने त्याने हवं ते काढून घ्यायचं भांडारच आहे का? या प्रश्नातून बाहेर काढलं ते दोन गोष्टींनी.

पहिली गोष्ट एका पुजाऱ्याची. गणितज्ञ म्हणून आपल्याला माहीत असलेल्या शकुंतला देवी यांनी १९७७ साली समलैंगिकतेवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी श्रीरंगमच्या एका वैष्णव पुजाऱ्याला या विषयावर बोलतं केलं आहे. त्या पुजाऱ्यांचं उत्तर होतं की असे प्रेमी आधीच्या जन्मात स्त्री-पुरुष म्हणून एकमेकांचे असणार. देह बदलला, ओढ राहिली. कोणत्याही स्मृतीचा श्लोक न शोधता, पुनर्जन्माच्या घराघरांतल्या श्रद्धेतून त्यांनी समोरच्या माणसाला जागा करून दिली. परंपरेत मुरलेला माणूस परंपरेतूनच वाट काढतो, ती अशी. काकांची श्रद्धा खोटी नाही, तिच्यात जागा करता येते, हे मला या पुजाऱ्याने दाखवलं.

दुसरी गोष्ट महाडची. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं. ठराव मांडला होता गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. मराठी माणसाला मनुस्मृती वाचताना महाड विसरता येत नाही, आणि मला ते आठवल्यावर माझ्या वाचनातलं एक मोठं आकर्षण गळून पडलं. मी "दंड तर किती सौम्य आहे" असं म्हणत मनूला भाचीच्या बाजूने साक्षीला उभं करायला निघाले होते. ज्या आठव्या अध्यायात ते दोनशे पण आहेत, त्याच अध्यायात उच्चवर्णीयाच्या आसनावर बसू पाहणाऱ्या शूद्राच्या कमरेवर डाग देऊन त्याला हद्दपार करायला सांगितलं आहे. भाचीच्या सोयीचं वाक्य मी या ग्रंथातून उचललं, तर दुसऱ्या कुणीतरी शूद्राबद्दलचं वाक्य उचलल्यावर मी कोणत्या तोंडाने अडवणार? त्या ग्रंथाचा अधिकार एकदा मान्य केला की तो सगळीकडेच मान्य करावा लागतो.

तेव्हा भाचीचं बोलणं उमगलं. ती ग्रंथ वाचू नकोस म्हणत नव्हती. आपल्या जगण्याचा निवाडा ग्रंथाने करावा, हीच गोष्ट तिला नको होती, मग निवाडा तिच्या बाजूने का लागेना. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ६ सप्टेंबर २०१८ रोजी परस्परसंमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना कलम ३७७ मधून मोकळं केलं, ते समता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा यांच्या आधारावर. त्यासाठी मनू किंवा वात्स्यायन जिंकायची गरज पडली नाही. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. म्हणजे भाची आणि तिची जोडीदार गुन्हेगार नाहीत, पण कायद्याच्या लेखी एकमेकींच्या कुणीच नाहीत. त्यांचा खरा प्रश्न आज इथे आहे.

मग वाचलं ते वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. आता कुणी "शास्त्रात लिहिलंय" म्हणालं की मी विचारते: कोणत्या ग्रंथात, कोणत्या पाठात, कुणाला दंड आहे आणि नेमका कशासाठी? वरखालचे श्लोक वाचलेत का? काकांना विचारलं, तसं चुलतभावालाही विचारलं. काका अजून पूर्ण वळलेले नाहीत, पण "निषिद्ध आहे" याऐवजी ते "मला पटत नाही" म्हणू लागले आहेत. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. मनूच्या आडून बोलणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही. स्वतःच्या नावाने बोलणाऱ्या काकांशी मात्र बोलता येतं, आणि ते बोलणं आमच्या घरात सुरू झालं आहे.