पोट नसलेल्या माशाचं जेवण

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या बांधावर एका शेतकऱ्याने मला दोन पोती दाखवली. एकात शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं-निम्मं. दुसऱ्यात गाईंसाठी आणलेलं खनिज मिश्रण. "सर, गाईला लागू पडतं, मग माशाला का नाही?" मत्स्य-आहार शिकवताना इतका नेमका प्रश्न मला वर्गातही क्वचितच ऐकायला मिळतो.

कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस या कार्प कुळातल्या माशांना जठरच नसतं. घास घशातल्या दातांनी भरडला जातो आणि थेट आतड्यात उतरतो. जठर नाही म्हणजे आम्ल नाही, आणि गाईच्या मिश्रणातलं डायकॅल्शियम फॉस्फेट नीट विरघळायला आम्लच लागतं. सायप्रिनसला त्यातला निम्म्याहून कमी फॉस्फरस मिळतो. हाडांतल्या ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमधला तर जेमतेम 13 टक्के. मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधला मात्र 90 टक्क्यांच्या वर अंगी लागतो. कॅल्शियम मासा कल्ल्यांवाटे पाण्यातूनही घेतो, फॉस्फरस मात्र त्याला खाद्यातूनच द्यावा लागतो. म्हणून पिशवीवर कॅल्शियमचा कितीही मोठा आकडा छापलेला असो, मी आधी फॉस्फरस कोणत्या रूपात आहे ते वाचतो.

पेंड-कोंड्यातही फॉस्फरस भरपूर असतो, पण बराचसा फायटेटमध्ये अडकलेला. तो न पचता पाण्यात गेला की शेवाळ माजतं, पाणी गर्द हिरवं होतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. फायटेट फोडणारं फायटेज हे एन्झाइम बाजारात मिळतं, पण तेही बहुतेक आम्लातच जोमाने चालतं. म्हणून मुंबईतल्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेत रोहूच्या खाद्यात फायटेजला सायट्रिक आम्लाची जोड देऊन प्रयोग झाले. मला ही दिशा फार मोलाची वाटते.

मातीच्या तळ्यात प्लवंग आणि तळातले किडे बरीच उणीव भरून काढतात. प्लास्टिकच्या तळ्यात तो चिखलच नाही, त्यामुळे तिथे जीवनसत्त्व क सुद्धा विसरून चालत नाही. ते बहुतेक माशांना शरीरात तयार करता येत नाही आणि फार कमी पडलं तर पिल्लांचा कणा वाकतो. साधं क जीवनसत्त्व साठवणीत नासतं, पाण्यात चटकन विरघळतं. फॉस्फेट जोडलेलं टिकतं. बुरशी धरलेल्या पेंडेवर मात्र कोणतंही पूरक चालवू नका. ती पेंड फेकायचीच.

त्या दिवशी आम्ही गाईचं पोतं गोठ्यात परत ठेवलं. मोनोकॅल्शियम फॉस्फेट आणि टिकाऊ क जीवनसत्त्व भाताच्या घट्ट पेजेत कालवलं, ती पेज पेंड-कोंड्यात मळून गोळे केले आणि सावलीत सुकत घातले. "कोरडी भुकटी टाकली असती तर?" त्याने विचारलं. मी चिमूटभर तळ्यात सोडली. मासा फिरकण्याआधीच ती पाण्यात पसरली होती.