त्यांचें दुकान आणि आमचा वाडा

गेल्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां चार महिने मुलाकडे लॉस एंजल्स येथें राहिलों. परदेशीं गेलेल्या आईबापांचा दिवस कसा जातो, हें अनुभवी वाचकांस सांगावयास नको. सकाळीं मुलगा व सूनबाई कामावर गेलीं, कीं घरांत आपण दोघें आणि चार भिंती. फिरावयास जावें तर रस्त्यावर माणूस दिसत नाहीं, आणि दिसलाच तर तो मोटारींत असतो. अखेरीस मनुष्य दूरचित्रवाणीच्या पडद्यास शरण जातो. मीही गेलों, आणि त्या शरणागतीपायीं जी एक जुनी गोष्ट मला मुलापुढें कबूल करावी लागली, तीच आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

"बाबा, ही याच शहरांतली गोष्ट आहे, पाहा तरी," असें म्हणून सूनबाईनें एके रात्रीं 'जेंटिफाइड' नांवाची मालिका लावली. नेटफ्लिक्सवर ती प्रथम २०२० च्या फेब्रुवारींत आली. त्या खेपेस दहा भाग, पुढल्या वर्षीं आणखी आठ, आणि २०२२ च्या आरंभीं ती बंद झाली. शहराच्या पूर्वेस, नदीपलीकडे, बॉइल हाइट्स नांवाची मेक्सिकन लोकांची जुनी वस्ती आहे. तेथें कासिमिरो नांवाचा आजोबा टाकोचें दुकान चालवितो. टाको म्हणजे मक्याच्या लहानशा भाकरींत कालवण घालून दुमडलेला घास. त्याला तीन नातवंडें. एक पुस्तकवेडा पण संसारांत चाचपडणारा, दुसरा पॅरिसला जाऊन पाकशास्त्री होण्याचीं स्वप्नें पाहणारा, आणि तिसरी चित्रकार मुलगी. वस्तींत पैसेवाले लोक येऊं लागलेले, दुकानाचें भाडें वाढलेलें, आणि तें वांचवावें कसें यावर नातवंडांचीं तीन मतें. हंसवीत हंसवीत गोष्ट पुढें जाते, आणि मध्येंच घशाशीं आवंढा येतो.

मालिकेच्या नांवांत एक श्लेष आहे. रूथ ग्लास या विदुषीनें १९६४ सालीं लंडनमधील श्रमिकांच्या वस्त्यांत सुखवस्तु लोक कसे शिरतात व मूळचे रहिवासी कसे बाहेर पडतात याचें वर्णन करतांना 'जेंट्रिफिकेशन' हा शब्द योजिला. स्पॅनिश भाषेंत 'हेंते' म्हणजे लोक. आपल्याच लोकांपैकीं शिकून पुढें गेलेला मनुष्य जेव्हां जुन्या वस्तींत नव्या थाटाचें दुकान काढतो, तेव्हां तो वस्ती वांचवितो कीं विकतो, हा मालिकेचा खरा प्रश्न आहे. पाकशास्त्री नातू नव्या गिऱ्हाइकांसाठीं टिक्का मसाल्याचा टाको करूं लागतो. तें पाहून आम्ही तिघें खदखदां हंसलों. आपल्या मसाल्याचा हा दिग्विजय! परंतु सूनबाई हंसली नाहीं. ती म्हणाली, "बाबा, तो टाको कोणासाठीं आहे? आपल्यासारख्यांसाठींच ना?"

त्या वस्तीचा इतिहास मीं मग वाचून काढला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथें यहुदी, जपानी, रशियन व मेक्सिकन कुटुंबें शेजारीं शेजारीं राहत. कारण शहराच्या इतर पुष्कळ भागांत त्यांना घर विकूं नये असे करारच लिहिलेले असत. असे करार न्यायालयांनीं अमलांत आणूं नयेत, हा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं दिला. त्याआधींच, १९४२ मध्यें, जपानी कुटुंबांना उचलून छावण्यांत नेण्यांत आलें होतें. महायुद्धानंतर यहुदी पश्चिमेकडे गेले. पुढें मोटारींचे हमरस्ते वस्तीच्या अंगावरून नेण्यांत आले, तेव्हां अनेकांचीं घरें पडलीं. एवढें सोसून जे राहिले, त्यांत आज दहांपैकीं नऊ लोक मेक्सिको व आसपासच्या देशांतून आलेल्या घराण्यांतले आहेत, आणि बहुतेक भाडेकरू आहेत.

भाडेकरूंना तेथेंही कायद्याचा आधार आहे. ऑक्टोबर १९७८ पूर्वीं बांधलेल्या बहुबिऱ्हाडी घरांचें भाडें शहराच्या नियमानें मर्यादित असतें. परंतु दुकानांस तो आधार नाहीं. व्यापारी जागेच्या भाड्यावर कोणत्याही नगरानें मर्यादा घालूं नये, असा कॅलिफोर्नियाचा १९८७ चा कायदाच आहे. म्हणून म्हातारा कासिमिरो इतकीं वर्षें चूल पेटवूनही त्या जागेस आपली म्हणूं शकत नाहीं. आणि पहिल्या भागमालेच्या शेवटीं तर त्याच्या देशांत राहण्याच्या हक्कावरच गदा येते; परदेशीयांचे अधिकारी त्याला पकडून नेतात. ज्याच्या हातचें सर्वांनीं खाल्लें, त्याच्याजवळ कागद नाहीं. हें दृश्य पाहून मी उठलों आणि बाहेर अंगणांत जाऊन बसलों. सौभाग्यवतीस वाटलें, मला थंडी बाधली.

याच सुमारास मुलगा घर पाहत होता. एका रविवारीं तो मोठ्या उत्साहानें म्हणाला, "बाबा, एक जागा फार स्वस्त मिळते आहे. दोन बिऱ्हाडांचें जुनें घर आहे. खालीं आपण राहूं, वरचा मजला तुमच्यासाठीं."

"कोठें?" मीं विचारलें.

"बॉइल हाइट्समध्यें."

"आणि सध्यां त्यांत कोण राहतें?"

"दोन भाडेकरू आहेत. विकणारा त्यांना पैसे देऊन घर रिकामें करून देणार आहे. सारें कायदेशीर आहे, बाबा."

'सारें कायदेशीर आहे.' हेंच वाक्य, याच स्वरांत, मीं पूर्वीं एकदां उच्चारलें होतें. त्या रात्रीं मुलास जवळ बसवून तें सारें सांगितलें.

पुण्यास नारायण पेठेंत आमचा वाडा होता. दिंडीदरवाजाच्या उजव्या हातास दोन खणांत अण्णांची खाणावळ असे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां मी सात वर्षांचा होतों. पाणी ओसरल्यावर वाड्यांत गुडघाभर चिखल उरला. आमच्या स्वयंपाकघरांत चूल तर राहोच, भिंतही धड नव्हती. अण्णांनीं कोठूनसे चार शेर तांदूळ पैदा केले, माडीवर विटांची चूल मांडली आणि आठ दिवस आम्हां मालकांना व सर्व बिऱ्हाडकरूंना एका पंक्तीस भात वाढला. हिशेब त्यांनीं कधीं मागितला नाहीं, आणि आम्हीही तो कधीं काढला नाहीं.

१९९५ सालीं वाडा बांधकामास दिला. पावत्या असलेल्या बिऱ्हाडांना नव्या इमारतींत खोल्या द्यावयाच्या होत्या. अण्णांच्या पावत्या त्यांच्या वडील बंधूंच्या नांवें. आणि बंधु वारलेले. ते कोर्टांत गेले असते तर कदाचित् जिंकतेही. पण आमच्याविरुद्ध कोर्टांत जाणें त्यांच्या मनांत आलें नाहीं. घरांत कागद लिहिणारा मी. पन्नास हजार रुपये घेऊन जागा सोडल्याचा मजकूर मींच लिहिला. अण्णांना चष्म्याविना दिसत नसे. सही करतांना त्यांनीं विचारलें, "बाळ, यांत जागेचें कांहीं आहे ना?" मी म्हणालों, "अण्णा, बांधकाम होऊं द्या, मग पाहूं. सारें कायदेशीर आहे." कागदांत जागेचें कांहींच नव्हतें. मला तें ठाऊक होतें, कारण अक्षर माझें होतें.

अण्णा हडपसरला मुलाकडे राहावयास गेले. पुन्हां खाणावळ निघाली नाहीं. चार वर्षांनीं ते वारले, हें मला वर्तमानपत्रांतून कळलें. आणि वाड्याचे जे पैसे आले, त्यांतला मोठा वांटा पुढें २००७ मध्यें मुलाच्या अमेरिकेंतील शिक्षणास लागला.

मुलगा बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "बाबा, मीं नाहीं घेतलें, तर दुसरा कोणी घेईलच."

"घेईल," मी म्हणालों. "त्यावेळीं मीही असेंच म्हटलें होतें. नियम मोडूं नये एवढेंच मनुष्य पाहतो; आणि ज्याच्या पंक्तीस आपण जेवलों, त्याला कागद वाचून दाखवावा, हें नियमांत लिहिलेलें नसतें."

आठवड्यानें त्यानें ती जागा नाकारली. त्या दोन कुटुंबांचें त्यामुळें कांहीं भलें झालें, असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. घर कोणीतरी घेतलेंच असेल. २०१७ सालीं त्याच वस्तींत, वादक जेथें जमतात त्या मारियाची चौकालगतच्या भाडेकरूंनीं भरमसाट भाडेवाढीविरुद्ध कित्येक महिने भाडें अडवून धरलें, आणि पुढल्या वर्षीं मालकास तडजोड करावी लागली. वस्त्या वांचतात त्या अशा; एका सुशिक्षित कुटुंबाच्या मनाच्या टोचणीनें वांचत नाहींत.

निघण्यापूर्वींच्या रविवारीं आम्ही चौघें त्या चौकांत गेलों आणि एका लहानशा दुकानांत घेवड्याच्या उसळीचे टाको खाल्ले. टिक्का मसाला कोठें दिसला नाहीं, याचें मला बरें वाटलें. दुकानदार म्हातारा होता. त्यानें न मागतां माझ्या ताटलींत आणखी एक टाको ठेवला. त्याचे पैसे घेईना.

पुण्यास परत आल्यावर अण्णांच्या मुलाचा पत्ता शोधून काढला. देण्याजोगें काय द्यावें, हें त्याला विचारूनच ठरवावें लागेल. पत्र अजून पुरें झालें नाहीं. जन्मभर लोकांचे कागद लिहून दिले, पण या एका कागदाचा मायना चार वेळां खोडला आहे. पहिलें वाक्य मात्र कायम आहे: "त्या दिवशीं मीं तुमच्या वडिलांना कागद पुरता वाचून दाखविला नाहीं."