एका पगाराचा प्रश्न

चर्चमधली नोकरी म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे ठरावीक चेहरे उभे राहतात. पहाटे घंटा वाजवून वेदीवरच्या मेणबत्त्या पेटवणारा सेवक, कार्यालयात बाप्तिस्म्याचे दाखले लिहून देणारा कारकून, स्मशानभूमीची निगा राखणारा माणूस, फार तर गायनमंडळाचे मास्तर. तरुण मुलामुलींसाठी धर्मग्रामाने पगार देऊन कोणाला नेमावे आणि त्या व्यक्तीने त्या कामासाठी पदवीनंतर आणखी दोन वर्षे विद्यापीठात शिकावे, ही कल्पना आपल्या कानांना अजून परकी वाटते. तरुणांचे काय, ते धाकटे फादर बघतील! धाकट्या फादरांची चार वर्षांच्या आत बदली होते, हे मात्र आपण जमेस धरत नाही.

हा विषय आमच्या घरात आणला माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीने. मानसशास्त्र घेऊन ती बी. ए. झाली, एका बँकेचे नेमणुकीचे पत्र हाती आले, आणि त्याच आठवड्यात तिने जाहीर केले की तिला युवासेवेचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. बहिणीने मला निरोप धाडला, “ताई, तू अमेरिकेत असली माणसे पाहून आली आहेस. आता तूच तिची समजूत घाल.” मी गेले, परंतु माझ्यापाशी जे सांगण्याजोगे होते, ते बहिणीला ऐकायचे होते तसे नव्हते. तेच येथे थोड्या विस्ताराने लिहीत आहे.

२०२३ साली मुलीच्या बाळंतपणासाठी मी शिकागोच्या एका उपनगरात पाच महिने राहिले. तेथील चर्चच्या आवारात मुख्य धर्मगुरूंच्या खोलीशेजारी एक लहानशी खोली होती. दारावर पाटी युवासेवेची, आणि आत तिशीच्या घरातली एक प्रापंचिक स्त्री. तिचा पगार चर्चच्या वार्षिक अंदाजपत्रकात वीजबिलासारखाच नोंदलेला. नातवंडाला झोपवून मी संध्याकाळी चर्चकडे फिरायला जात असे, तेव्हा तिच्याशी ओळख झाली. मी निवृत्त शिक्षिका. “तुम्ही हे शिकलात म्हणजे नेमके काय शिकलात?” असे मी तिला पहिल्याच आठवड्यात विचारले. शिक्षकाची खोड!

शिकागोला या कामाची जुनी परंपरा आहे. १९३० साली तेथील साहाय्यक बिशप बर्नार्ड शील यांनी ‘कॅथलिक यूथ ऑर्गनायझेशन’ काढली, ती मुष्टियुद्धाच्या आखाड्यापासून. मंदीचे दिवस होते. पोरे रस्त्यावर होती. त्यांना हातमोजे दिले आणि मग प्रार्थनेलाही बोलावले. आपल्याकडची युवक मंडळे याच कुळातली. क्रिकेटचे सामने, एकांकिका स्पर्धा, नाताळचा गोठा, सहल. यात काही वाईट नाही. मी स्वतः अशाच मंडळाच्या नाटकांत कामे करत वाढले. परंतु १९७६ साली अमेरिकन बिशपांच्या परिषदेच्या शिक्षण विभागाने युवासेवेविषयी एक पत्रक प्रसिद्ध केले आणि विचाराची दिशा पालटली: कार्यक्रम हे निमित्त, खरे काम म्हणजे तरुणाशी जडलेले नाते. १९९७ साली बिशपांनी त्याचा पुढचा दस्तऐवज काढला. त्यात तरुणांना प्रभूचे शिष्य म्हणून जगण्यास समर्थ करणे, ख्रिस्तसभेच्या जीवनात त्यांना जबाबदारीचा वाटा देणे आणि त्यांची सर्वांगीण वाढ साधणे ही उद्दिष्टे मांडली. नाते जोडायचे तर ते जोडता येणारे माणूस हवे, आणि ते माणूस तयार करावे लागते. विद्यापीठांचा संबंध येथे येतो. शिकागोच्या लोयोला विद्यापीठात पालकीय अभ्यासाची संस्था १९६४ सालीच निघाली होती. नोटर डेम विद्यापीठाने २००४ साली ‘एको’ नावाची योजना सुरू केली. पदवीधराने उन्हाळ्यात विद्यापीठात ईशज्ञान शिकायचे आणि उरलेले वर्ष एखाद्या धर्मग्रामात प्रत्यक्ष सेवा करायची. अशी दोन वर्षे झाली की पदव्युत्तर पदवी. ‘कॅटेकिझम’ हा शब्द ज्या ग्रीक धातूपासून आला, त्याचा अर्थ घुमणे, पडसाद उमटणे असा आहे. नाव त्यावरूनच दिले आहे. मला ते नाव फार आवडले.

ती बाई काय शिकली होती? पवित्र शास्त्र, ख्रिस्तविद्या, नीतिशास्त्र, उपासना, हे ओघाने आलेच. त्याच्या जोडीला एरिक एरिक्सन यांनी मांडलेला किशोरवयातील ‘मी कोण’ हा संघर्ष, जेम्स फाउलर यांनी १९८१ साली ग्रंथरूपाने मांडलेले श्रद्धेच्या वाढीचे टप्पे, समुपदेशनाची मूलतत्त्वे, आणि हिशेब ठेवणेसुद्धा. पण तिच्या मते सर्वांत कठीण विषयाला पाठ्यपुस्तकच नव्हते. एखाद्या मुलाशी किंवा रुग्णाशी बोलून आल्यावर तो संवाद आठवून शब्दशः लिहून काढायचा: तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, कोठे दोघे गप्प राहिलो. मग तो कागद मार्गदर्शकापुढे आणि सहाध्यायांपुढे वाचायचा. ती हसून म्हणाली, की पहिल्या सहामाहीत तिच्या प्रत्येक कागदावर मार्गदर्शकाने एकाच प्रकारच्या जागी खूण केली होती. मुलगा गप्प झाला, ती शांतता तिला सोसवली नाही, म्हणून ती बोलून गेली. आणि मुलगा जे सांगणार होता ते राहून गेले. एवढे एक शिकायला तिला वर्ष लागले.

वाचकहो, मी बत्तीस वर्षे वर्गात उभी राहिले. गप्प बसायला शिकवणारा अभ्यासक्रम मी प्रथमच ऐकत होते.

याचे मोल मला पटले ते मायदेशी परतल्यावर. गेल्या पावसाळ्यात आमच्या परिसरातील एका सतरा वर्षांच्या मुलाने युवक मंडळाच्या प्रमुखाला सांगितले, की त्याला जगावेसे वाटत नाही. प्रमुख स्वतः एकोणीस वर्षांचा. मनाने सालस, सेवेत तत्पर. तो बिचारा घाबरला. त्याने मुलाबरोबर रोझरीची प्रार्थना केली, कोणाला सांगणार नाही असे वचन दिले, आणि ते पाळले. तीन दिवसांनी आईच्या वेळीच लक्षात आले म्हणून तो मुलगा आज आपल्यात आहे. त्या प्रमुखाला दोष देणे सोपे आहे. मला तो देववत नाही. त्याला आपण मंडळाचा बिल्ला दिला, सामन्यांचे वेळापत्रक दिले, चावी दिली. अशा वेळी थेट विचारावे, गुप्ततेचे वचन देऊ नये, मुलाला एकटे सोडू नये, घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी गाठावे, हे कोणी कधी सांगितले होते? प्रार्थना करावीच. तिच्यासोबत हेही करायचे असते, आणि ते शिकूनच येते.

दुसरी बाजू कायद्याची. अमेरिकेतील ख्रिस्तसभेने मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांतून फार कडू धडा घेतला. जून २००२ मध्ये डॅलस येथे बिशपांनी बालसुरक्षेची सनद स्वीकारली. मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची पूर्वतपासणी आणि सुरक्षित वातावरणाचे प्रशिक्षण तेव्हापासून तेथे आवश्यक झाले. आपल्या देशात २०१२ सालच्या पॉक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. न कळवणे हाही अपराध ठरतो. आपल्या किती स्वयंसेवकांना हे ठाऊक आहे? रविवारच्या मिस्सेनंतर सहज दोघातिघांना विचारून पाहावे.

बहिणीला मी हे सारे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “मग शिकलेले माणूस ठेवले की मुले चर्चला येतील का?” प्रश्न चोख होता. त्याचे प्रामाणिक उत्तर, नक्की सांगता येत नाही, असेच आहे. समाजशास्त्रज्ञ ख्रिश्चन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२-०३ साली अमेरिकेत तेरा ते सतरा वर्षांच्या ३,२९० मुलांची दूरध्वनीवरून पाहणी केली, आणि त्यांतील २६७ जणांच्या समोरासमोर बसून मुलाखती घेतल्या. निष्कर्ष २००५ साली ग्रंथरूपाने आले. मुलांचा धर्मावर राग नव्हता. उलट धर्म चांगलाच वाटत होता. पण आपण काय मानतो हे बहुतेकांना शब्दांत सांगता येईना. देव आहे, त्याला आपण चांगले वागलेले आवडते, अडचणीत तो मदत करतो, एवढ्यावर गाडी थांबे. आणि मुलांच्या श्रद्धेवर सर्वांत मोठा प्रभाव कोणाचा? धर्मगुरूंचा नव्हे, युवासेविकेचाही नव्हे, तर आईवडिलांचा. शिकागोची ती बाई हे पुस्तक वर्गात अभ्यासली होती, आणि म्हणूनच तिच्या आठवड्यातला मोठा वेळ पालकांकडे जाण्यात जाई. आपण शिकून काय करायचे, तर मुलांना घराकडे वळवायचे, असे तिचे मत. मला वाटते, न शिकलेला उत्साही माणूस येथेच फसतो. मुले आपल्याभोवती जमली, की काम झाले असे त्याला वाटते.

ज्यांना आपण या सेवेचे पितामह मानतो, त्या संत जॉन बॉस्को यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहावे. ५ जून १८४१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. लगेच तीन जागा चालून आल्या, त्यांतील एक जिनोव्हातील श्रीमंत घराण्यात शिकवणीची, वर्षाला हजार फ्रँक देणारी. घरी गरिबी; शेजारीपाजारी हरखून गेले. परंतु संत जोसेफ कफासो यांच्या सल्ल्यावरून त्यांनी तिन्ही जागा नाकारल्या आणि तुरीन येथील तरुण धर्मगुरूंच्या पालकीय विद्यालयात नाव घातले. तेथे ते तीन वर्षे शिकले. सकाळी नीतिशास्त्राचा तास, आणि इतर वेळी कफासोंबरोबर तुरुंगाच्या कोठड्या. बारा ते अठरा वर्षांची पोरे सुटून जातात आणि पुन्हा तेथेच परत येतात, कारण बाहेर त्यांचे कोणी नसते, हे त्यांनी तेथे पाहिले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला सॅक्रिस्टीत मार खाल्लेल्या बार्थोलोम्यू गारेल्ली नावाच्या अनाथ मुलाशी त्यांनी बोलणे काढले. वाचता येते का, लिहिता येते का, सर्वांना नकार; शेवटी शीळ वाजवता येते का असे विचारले तेव्हा मुलगा हसला, अशी कथा सांगतात. ती गोष्ट आपण व्याख्यानांत रंगवून सांगतो. ते तेव्हा विद्यार्थी होते, ही गोष्ट मात्र गाळतो.

हे ऐकून बहिणीचे यजमान प्रथमच बोलले. “ते धर्मगुरू होते, बाय. ही आमची मुलगी. सेवा करायची तर बँकेतून सुटल्यावर करावी. सेवेला पगार कसला?” आमच्या लोकांचा हा युक्तिवाद मला नेहमी चमत्कारिक वाटत आला आहे. मिशनच्या शाळेत मी सेवाच केली आणि महिन्याच्या अखेरीस पगारही घेतला. त्या पगाराने माझी सेवा बाटली असे कोणी म्हणाले नाही. प्रभूनेही शिष्यांना गावोगाव धाडताना कामकऱ्याच्या मजुरीचा हक्क मान्यच केला होता. फुकटच्या सेवेचा आग्रह धरला, की घरचे खाऊनपिऊन सुखी असलेलेच सेवेला उरतात. वाडी राखणाऱ्याची मुलगी कितीही हुशार असली, तरी ती या वाटेला जाऊ शकत नाही.

तेथेही सारे आलबेल आहे असे नाही. चर्चमधले दान घटले की पहिली कुऱ्हाड युवासेवेच्या जागेवर पडते. त्या बाईच्या आधीची व्यक्ती तशीच गेली होती. शिवाय पगारी माणूस आले की बाकीचे हात झटकतात, ही भीती आपल्याकडे तर अधिकच खरी ठरेल. २०१८ सालच्या तरुणांविषयीच्या सिनोडने अंतिम निवेदनासाठी अम्माऊसच्या वाटेचा प्रसंग आधाराला घेतला. त्या वाटेवर प्रभूने प्रथम चालत चालत विचारपूस केली, ऐकून घेतले, मग शास्त्र उलगडले. हे चालणे साऱ्या धर्मग्रामाचे आहे. पदवीधर युवासेविकेने बाकीच्यांना चालायला शिकवायचे. त्यांच्या बदली चालायचे नव्हे.

भाचीने बँकेला नम्रपणे नकार कळवला. दोन-तीन ठिकाणची माहितीपत्रके मागवली आहेत. प्रवेश कोठे मिळतो ते अजून ठरायचे आहे. तिच्या वडिलांनी घराच्या वरच्या मजल्याचे काम दोन वर्षे पुढे ढकलले. तोंडाने त्यांनी अजून होकार दिलेला नाही.

उरला प्रश्न ती शिकून आल्यावरचा. चर्चच्या अर्थसमितीत मी गेली काही वर्षे आहे. मागच्या बैठकीत मी एका पगाराचा विषय मांडला. सणाच्या मंडपावर, बँडवर आणि रोषणाईवर होणाऱ्या खर्चाला कोणी कधी आडकाठी केली नव्हती. या विषयावर पाऊण तास चर्चा झाली. एकाने विचारले, ही रक्कम कोणत्या खात्यात दाखवायची? तसे खातेच आमच्या वहीत नव्हते. अखेर खजिनदारांनी ‘विद्युत रोषणाई’च्या खालच्या ओळीत पेन्सिलीने ‘युवासेवा: मानधन’ असे लिहिले. मी त्यांना ‘मानधन’ खोडून ‘पगार’ लिहायला सांगितले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, मग फादरांकडे पाहिले, आणि खोडरबर शोधू लागले. रकमेचा रकाना अजून मोकळा आहे. पुढची बैठक आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर आहे.