चाकणची गाडी, भोसरीचा फिटर

केटीएमची आरसी 390 ही मोटरसायकल बनते चाकणला. पुण्यातून सकाळी निघालं तर नाश्त्याच्या वेळेला त्या कारखान्याच्या फाटकाशी पोचता येतं. पण जिचं सगळं रूपच शर्यतीचं, ती गाडी मनासारखी पळवायची तर टेम्पोत घालून अकराशे किलोमीटरहून लांब न्यावी लागते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोईम्बतूरला 2.1 किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथे 2023 च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपीची शर्यत झाली. आपल्याकडे कार्टिंगचे ट्रॅक आहेत, पण मोटरसायकल खऱ्या अर्थाने मोकळी सोडायची तर पुण्या-मुंबईच्या बहुतेकांना दक्षिणेचीच वाट धरावी लागते. त्यामुळे इथे ट्रॅकची हौस असलेले पुष्कळ भेटतात. ट्रॅकसाठी गाडी नीट तयार करून देणारे हात मात्र शोधावे लागतात.

मी घेतलेली आरसी जुनी, पहिल्या पिढीतली होती आणि फक्त ट्रॅकसाठी होती. आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट, साइड स्टँड सगळं उतरवलेलं. अशी गाडी घेऊन एका सर्व्हिस सेंटरला गेलो, तर तिथल्या मुलाने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि जॉबकार्ड उघडायलाच नकार दिला. त्याच्या संगणकात ‘ट्रॅक’ नावाचा रकानाच नव्हता. वॉरंटी तर कंपन्या शर्यतीच्या वापराला देतच नाहीत. राहता राहिले बाहेरचे मेकॅनिक.

ट्रॅकवर गाडीला नेमका कसला त्रास होतो हे समजल्याशिवाय मेकॅनिक पारखता येत नाही. एक सेशन साधारण पंधरा-वीस मिनिटांचं. तेवढ्या वेळात एक तर रेस पूर्ण उघडलेली असते नाही तर ब्रेक पूर्ण दाबलेला. रस्त्यावर दोन ब्रेकांच्या मध्ये डिस्क गार व्हायला सवड मिळते, इथे ती मिळत नाही. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषत राहतं आणि पुरेसं पाणी शिरलं की तोच आकडा 155 वर येतो. कॅलिपरमध्ये वाफेचा बुडबुडा झाला की लिव्हर थेट मुठीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. पुण्याच्या रहदारीत वर्षानुवर्षं चाललेलं ऑइल तिथे सरळ पट्ट्याच्या शेवटी दगा देऊ शकतं.

दुसरी बाब दुसऱ्यांच्या जिवाची. एका गाडीचं ऑइल ट्रॅकवर सांडलं की मागून येणारे चार जण आडवे होतात. म्हणून गाडी आत सोडण्याआधी तपासणी होते. ड्रेन बोल्टला, ऑइल फिल्टरला लॉकवायर, म्हणजे ते सुटू नयेत म्हणून पिळून बांधलेली तार, आहे का, हेडलाइटच्या काचेला टेप आहे का हे बघतात. रेडिएटरमधल्या हिरव्या कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं, ते डांबरावर सांडलं तर पाण्यासारखं चटकन सुकत नाही, निसरडं राहतं. म्हणून ते काढून डिस्टिल्ड वॉटर भरतात. हे सगळं काम कोणाही चांगल्या मेकॅनिकला जमण्यासारखं आहे. फक्त त्याच्याकडे ते मागायला आजवर कोणी आलेलं नसतं.

शोध सुरू झाला नाना पेठेतून, कारण पुण्यात दुचाकीच्या पार्टसाठी सगळ्यांचेच पाय तिकडे वळतात. एकाने एका उस्तादाकडे नेलं. 1985 साली आलेल्या यामाहा आरएक्स 100 वर या माणसाची सगळी कारकीर्द घडलेली. पोर्ट घासणं, हेड मिल करून कम्प्रेशन वाढवणं, कार्बोरेटरची जेट बदलणं आणि मग प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघून मिक्श्चर सांगणं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच आवाजावरून काय बिघडलंय हे ते सांगतात, आणि ते बरोबर निघतं. आरसीकडेही त्यांनी कान दिला. म्हणाले, “टॅपेटचा आवाज नाही. इंजिन मख्खन आहे.”

अडचण इथेच होती. आरएक्स टू-स्ट्रोक, तिला टॅपेटच नसतात. आरसीच्या 373 सीसीच्या एकाच सिलिंडरवर दोन कॅमशाफ्ट आणि चार व्हॉल्व्ह. त्यांच्यातली फट छोट्या शिमच्या चकत्यांनी राखलेली असते. वापराने व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये खोल बसत जातो आणि फट वाढण्याऐवजी कमी होते. फट वाढली तर टॅपेट टकटक करतो, कमी झाली तर गप्प बसतो. व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, गरम वायू त्याच्या कडेवरून निसटत राहतो आणि शेवटी कड जळते. म्हणजे ज्या शांततेवर उस्ताद खूश होते, तीच तपासायला हवी होती. त्यांच्या कसबाबद्दल आदर होता आणि आहे, पण हे इंजिन कानाने कळणारं नव्हतं.

दुसरा प्रकार भेटला तो काचेच्या दुकानाचा. आत एसी, भिंतीवर परदेशी एक्झॉस्ट टांगलेले, आणि बोलण्यात स्टेज वन, स्टेज टू. ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं, मॅपिंग बदलून किती ताकद वाढते ते त्यांनी तोंडपाठ सांगितलं. ताकद मोजणाऱ्या डायनोचा आधीचा आणि नंतरचा कागद मागितला तेव्हा कॉफी आली.

मग मी माणसं विचारणं सोडून गाड्या बघायला लागलो. चेन्नईच्या पॅडॉकमध्ये दिवसभर उभं राहिलं की कुठली गाडी कोणाच्या हातून आलीय ते लपत नाही. काहींची लॉकवायर पक्कडीने कशीतरी पिळलेली, काहींचा इंजिनखालचा बेली पॅन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला. एका जुन्या निन्जावर मात्र तार अशी एकसारखी पिळलेली होती की वाकून बघावं लागलं. प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती, अर्धी बोल्टवर आणि अर्धी बाजूच्या धातूवर. बोल्ट जरा फिरला की रेघ तुटलेली दिसणार. मालक पिंपरीचा निघाला. “आमच्या भोसरीत एक काका आहेत,” तो म्हणाला, “पण ते घाईचं काम घेत नाहीत.”

भोसरी एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर, दोन सीएनसी शॉपच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये काकांचं गॅरेज. आयटीआय फिटर, बरीच वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. कारखाना सुटला तसा घरच्या गाड्यांपासून सुरू झालेला उद्योग. टेबलावर मायक्रोमीटर लाकडी पेटीत, फीलर गेजच्या पात्यांना तेलाचा हात, टॉर्क रेंच काम झाल्यावर शून्याकडे सैल करून ठेवलेला. या शेवटच्या गोष्टीने माझा निम्मा निर्णय झाला. रेंच ताणलेला ठेवला तर आतली स्प्रिंग थकते आणि पुढे तो खोटं सांगू लागतो, हे ठाऊक असलेला माणूस गाडीवाल्यांमध्ये क्वचित भेटतो.

तरी पहिलं काम मुद्दाम लहान दिलं: ब्रेक ऑइल, हँडलचा कोनसेट आणि लॉकवायर. काकांनी नवा ड्रेन बोल्ट व्हाइसमध्ये अडकवला, सेंटर पंचाने खूण केली आणि डोक्याच्या एका बाजूतून दुसऱ्या बाजूला दीड मिलिमीटरचं छिद्र पाडायला घेतलं. ड्रिल तिरपं घुसताना घसरतं, बिट तुटतं. ते थेंबभर तेल टाकत, थांबत थांबत गेले. मग 0.8 मिलिमीटरची स्टेनलेस तार ओवून इंचाला सहा ते आठ पीळ येतील अशी पिळली आणि दुसरं टोक अशा जागी अडकवलं की बोल्ट सुटायला निघाला तर तार त्याला आवळण्याच्याच दिशेने ओढेल. उलट बाजूने बांधलेली तार दिसायला तितकीच देखणी असते आणि काडीच्या उपयोगाची नसते. ब्रेकचा लिव्हर रात्रभर मुठीशी बांधून ठेवला, सकाळी पुन्हा हवा काढली. गाडी परत देताना जुना बोल्ट, जुना वॉशर आणि कोनसेटच्या जुन्या वाट्या पिशवीत घालून दिल्या. वाटीत गोळ्यांचे ठसे उमटले होते. त्यावर बोट फिरवून म्हणाले, “हे बघा, म्हणून हँडल मध्यावर अडकत होतं.”

व्हॉल्व्हची फट त्यांनी पुढच्या खेपेला मोजली, इंजिन रात्रभर गार झाल्यावर. चारही आकडे एका वहीत गाडीच्या नावाने लिहिले, कंपनीच्या मॅन्युअलमधली मर्यादा शेजारी. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मर्यादेच्या आत होता, पण अगदी काठावर. त्याची शिम आत्ताच बदलावी की थांबावं, हे त्यांनी माझ्यावर सोडलं नाही आणि लपवलंही नाही. “आता शिम बदलून घेऊ. नाही तर कव्हर पुन्हा उघडायची मजुरी तुमचीच जाईल,” एवढंच म्हणाले.

काय करत नाहीत तेही ते आधीच सांगतात. मागचा शॉक उघडायचा तर आत नायट्रोजन भरावा लागतो, ती सोय शेडमध्ये नाही. मग ते काम दुसरीकडे. ईसीयूला हात लावत नाहीत. फ्रेम वाकली असेल तर सरळ करून देत नाहीत.

ट्रॅकवरून परत आल्यावर काकांची उलटतपासणी सुरू होते. “गाडी बरोबर वाटत नाही” ही तक्रार ते ऐकूनच घेत नाहीत. ब्रेक धरताना की सोडताना? रेस द्यायच्या आधी की नंतर? डाव्या वळणाला की दोन्हीकडे? 2004 साली मोटोजीपीतला व्हॅलेंतिनो रॉसी होंडा सोडून यामाहाकडे गेला तेव्हा त्याचा क्रू चीफ जेरेमी बर्जेसही त्याच्यासोबत गेला. दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला मोसमाची पहिलीच शर्यत रॉसीने जिंकली आणि त्या वर्षीचं जगज्जेतेपदही. चालवणाऱ्याच्या बोलण्यातून मिलिमीटर शोधून काढणारा माणूस तो तिकडे घेऊन गेला होता. भोसरीतही तेच, फक्त छोट्या मापात. माझ्या तोंडून “ब्रेक धरला की पुढचं फार बुडतं” हे निघाल्यावर त्यांनी फोर्कच्या पाइपला प्लास्टिकची पट्टी बांधली, मला लेदर सूट आणि बुटांसकट गाडीवर बसवलं आणि फोर्क किती दबतो ते मोजलं. ट्रॅकसाठी तीस-पस्तीस मिलिमीटर हवेत, इथे त्याहून बरेच जास्त होते. या पिढीच्या फोर्कला बाहेरून फिरवायचा स्क्रू नाही. काकांनी शेजारच्या शॉपमधल्या लेथवर ॲल्युमिनियमचे दोन स्पेसर कातून घेतले, लांबी वहीत लिहिली आणि स्प्रिंगवर बसवले.

खरी परीक्षा झाली ती एका ट्रॅक डेच्या तोंडावर. टेम्पो ठरला होता, पैसे भरले होते. काकांनी पुढची डिस्क मायक्रोमीटरने वेगवेगळ्या जागी मोजली. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याच्या खाली दोन जागा आल्या. नवी डिस्क लगेच मिळत नव्हती. बाजारात एक जुनी मिळत होती, तीही त्यांनी मोजली आणि बाजूला ठेवली. मी म्हटलं, या खेपेपुरतं जमवा. ते म्हणाले, “साहेब, गाडी तुमची आहे, घेऊन जा. पण माझ्या वहीत मी ‘ब्रेक ओके’ लिहिणार नाही.” टेम्पो रद्द झाला, भरलेले पैसे बुडाले. नवी डिस्क आली तेव्हा त्यांनी तीसुद्धा डब्यातून काढल्या काढल्या मोजली.

आता ओळखीचे त्यांचा पत्ता मागतात. मी देतो, पण काका सगळ्यांना घेत नाहीत. पहिल्या भेटीत ते एकच विचारतात: गाडी कधी पडली होती का? एकाने नाही म्हणून सांगितलं. हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे अडतं तो स्टॉपर चेपलेला निघाला. गाडी त्याच दिवशी परत गेली. तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाचे फोर्कचे पाइप ते आधी काढतात, टूलरूममधून आणलेल्या जाड काचेवर लोळवून सरळ आहेत का बघतात आणि मगच बाकीच्या कामाचं बोलतात. त्या तपासणीची मजुरी वेगळी असते, आणि आकडा गाडी शेडमध्ये घेण्याआधीच सांगितलेला असतो.