बाबांचं मशीन आणि माझं मशीन

नारायणगुड्यात आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली वाहनांचा रस्ता, जवळून मेट्रो आणि भिंतीला भिंत लागून शेजारी. अशा घरात मी बारा वर्षं व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प ठेवला होता. शनिवारी संध्याकाळी अर्धा तास, दारं-खिडक्या लावून वाजवायचं, असा शेजाऱ्यांशी अलिखित करार होता. मग लेक झाली आणि तिने तो करार एकतर्फी मोडला. शनिवारची संध्याकाळ हीच नेमकी तिची झोपेची वेळ. सतरा किलोंचा तो अ‍ॅम्प सहा महिने कॉटखाली पडून राहिला, त्यावर डायपरची खोकी चढली आणि शेवटी मी तो विकला. घ्यायला आलेला कॉलेजचा मुलगा तो दोन्ही हातांनी कवटाळून जिना उतरला, तेव्हा मी मुद्दाम गॅलरीत गेलो नाही.

त्या पैशांत भर घालून मॉडेलर घेतला. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारेचा आवाज म्हणजे नुसता कच्चा माल. त्याला रंगरूप येतं ते अ‍ॅम्पमध्ये आणि त्याच्या स्पीकरच्या पेटीत. मॉडेलर हे सगळं गणिताने करतो. डब्याएवढ्या यंत्रात शंभर-दीडशे अ‍ॅम्प. १९९५ साली रोलंडने व्हीजी-८ काढला, १९९८ मध्ये लाइन सिक्सचा राजम्याच्या दाण्यासारखा लाल पॉड आला, २०११ मध्ये केम्परने तर खऱ्या अ‍ॅम्पचा ठसा उतरवून घेणारं यंत्र आणलं. आता न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते अ‍ॅम्पचं वागणं शिकून घेतं, लहान मूल घरातल्यांच्या लकबी उचलतं तसं.

बाबांना हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे तुझा इलेक्ट्रॉनिक तानपुराच की रे."

बाबा विवेक वर्धिनीत मराठी माध्यमात शिकले, बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात गायले. त्यांचा तानपुरा मिरजेचा आहे. तरुणपणी स्वतः जाऊन निवडून आणलेला, सोलापूरमार्गे बसने येताना भोपळा मांडीवर धरून. १९७०च्या दशकाच्या अखेरीला बंगळुरूच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला आणि पुढे तो घराघरात गेला. बाबांनीही एक घेतला, पण फक्त प्रवासाला. घरी मिरजेचाच. जवारी बिघडली की घोडी आणि तार यांच्यामधला सुताचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवत ते तास तास बसत. लहानपणी मला तो वेळेचा शुद्ध अपव्यय वाटे.

तर मॉडेलर आला. रात्री लेक झोपली की हेडफोन लावून बसायचो. पहिल्या आठवड्यात शंभरही प्रीसेट ऐकून झाले. कंपन्यांचे प्रीसेट म्हणजे साडीच्या दुकानातले दिवे! तिथे सगळंच झगमगतं, घरी आणल्यावर रंग कळतो. ढीगभर गेन, ढीगभर रिव्हर्ब, एक सूर छेडला तरी देवळात घंटा वाजल्यासारखं. मग मी स्वतःचा आवाज घडवायला घेतला. रोज रात्री थोडा बेस वाढव, थोडी ट्रेबल वाढव, मधल्या पट्टीचा मिड कर्कश वाटतो म्हणून काढून टाक. महिनाभराने माझ्या कानांत असा काही मखमली आवाज तयार झाला, की मी मंडळाच्या गणेशोत्सवात काकूच्या गाण्याला साथ करायचं कबूल केलं. पेटी, तबला आणि मी.

तिथे वेळेवर मित्राचा छोटा सरावाचा अ‍ॅम्प मिळाला. मॉडेलरची वायर त्याच्या पुढच्या तोंडात घातली, समोर माइक ठेवला आणि सुरू झालो. पहिल्या कडव्यातच काहीतरी चुकतंय हे कळलं. एकटी गिटार वाजताना डबा बडवल्यासारखी वाजायची आणि पेटी-तबला सुरू झाले की गायबच. मी आवाज वाढवला. आता खालून घूंऽऽ घूंऽऽ आणि वरून डासाची भुणभुण. समोर पहिल्या रांगेत बाबा बसले होते. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्यांनी शांतपणे दोन्ही कानांतली मशिनं काढली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

नंतर चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं, "का रे, तुझी गिटार बंद पडली होती का?" त्याचं काही वाटलं नाही. खिशात गेलेली ती मशिनं मात्र डोळ्यांसमोरून जाईनात. घरी येऊन यंत्र खोक्यात घातलं. विकायची जाहिरातही लिहिली. फक्त टाकायची राहिली.

अडीच आठवडे मी आणि बाबा त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नाही. मग एका रविवारी लक्षात आलं की घरात तानपुरा वाजलेला ऐकून बरेच दिवस झालेत. आईला विचारलं. ती म्हणाली, "चार महिने झाले. मशीन घेतल्यापासून."

बाबांना विचारलं. आधी उडवाउडवी केली, मग म्हणाले, "बोलणं छान ऐकू येतं. पण तानपुरा छेडला की सूर पाण्यावर हलल्यासारखा हलतो. पेटीचंही तसंच. त्या दिवशी काकूच्या गाण्यातही. म्हणून काढून ठेवलं. म्हटलं, तुला सांगितलं तर वाईट वाटेल, एवढे पैसे घातलेस."

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग माझ्याबद्दल मी काय समजून बसलो होतो ते सांगितलं. बाबा हसले आणि म्हणाले, "नाही, तुझी गिटारही वाईटच वाजत होती."

त्या हसण्यावर दोन्ही यंत्रांची दुरुस्ती सुरू झाली. ऑडिओलॉजिस्ट बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, वाद्य घेऊन या. मिरजेचा तानपुरा ऑटोत कसा नेणार, म्हणून प्रवासातला इलेक्ट्रॉनिक डबा नेला. त्यांनी जे समजावलं ते ऐकून मला माझ्याच चुका कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटलं. कानातलं मशीन मुळात बोलणं समजावं म्हणून लावलेलं असतं. हळू आवाज मोठा करायचा, मोठा दाबायचा, बोलण्यामागचा गोंगाट कमी करायचा आणि मशीन शिट्टी मारायला लागलं तर ती शिट्टी ओळखून मारायची. आता तानपुऱ्याचा लांबलचक स्थिर सूर आणि मशिनची शिट्टी यांत फरक काय, ते त्या बिचाऱ्याला कळत नाही. तो सूरच शिट्टी समजून ते त्याच्याशी झटापट करतं आणि बाबांना तो हलताना ऐकू येतो. बाईंनी संगीतासाठी वेगळा प्रोग्राम घातला. शिट्टी मारणं बंद, गोंगाट कमी करणं बंद, दाबणं अगदी सौम्य. कानामागचं बटण दाबलं की बोलण्यातून गाण्यात. हे त्यात होतं का? होतं. चार महिन्यांत आम्हीच सांगितलं नव्हतं.

घरी येताना ऑटोत मी माझा हिशोब मांडत होतो. मीही रात्री हेडफोनवर, हळू आवाजात सगळं जुळवलं होतं. कानाची एक खोड आहे. हळू आवाजात त्याला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, मोठ्या आवाजात ते आपोआप भरून निघतात. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच याचे आलेख काढून ठेवलेत. म्हणजे रात्री मी जो बेस आणि जी ट्रेबल वाढवत होतो, ती माझ्या कानाची उणीव भरून काढत होतो, गिटारची नव्हे. हॉलमधल्या आवाजात ती उणीव उरलीच नाही आणि वाढवलेलं सगळं उघडं पडलं. कर्कश म्हणून जो मधला पट्टा काढून टाकला, गिटार तर तिथेच राहते. तो काढल्यावर पेटीसमोर उरणार काय?

दुसरी चूक त्याहून बाळबोध. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही बाहेर येऊ देत नाही, म्हणून त्याचा आवाज गोल लागतो. मॉडेलर हेही गणिताने करतो. स्पीकर, पेटी आणि माइक मिळून आवाजाला कसं उत्तर देतात त्याचा ठसा त्यात असतो, त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. तो ठसा लावलेला तयार आवाज मी पुन्हा खऱ्या गिटार अ‍ॅम्पच्या तोंडात घातला होता. शिजलेला भात पुन्हा कुकरला लावून तीन शिट्ट्या काढायच्या, तसं. अ‍ॅम्पच घ्यायचा असेल तर मॉडेलरमधली पेटी बंद ठेवायची आणि मागच्या रिटर्नच्या तोंडात वायर घालायची. नाहीतर पेटी चालू ठेवून सरळ मिक्सरमध्ये जायचं.

खोकं उघडलं. शेजारच्या आंटींना विचारून दुपारी बारा ते साडेबारा ही वेळ मागून घेतली. त्या म्हणाल्या, "बेटा, कुकर के टाइम पे बजाओ, किसको सुनाई देता?" मोठ्या आवाजात वाजणारा साधा स्पीकर आणला आणि तो खोलीच्या एका टोकाला, स्टुलावर ठेवला. दुसऱ्या टोकाला बाबांची खुर्ची, कानामागचं बटण गाण्यावर. मी एकटा वाजवायचं नाही, काकूने पाठवलेल्या पेटी-तबल्याच्या रेकॉर्डिंगबरोबरच वाजवायचं, हा नियम बाबांचा.

सगळे प्रीसेट बाजूला सारले. एक साधा अ‍ॅम्प, एक पेटी, बाकी काही नाही. गेन निम्म्यावर आणला. "आता शब्द कळतात," बाबा म्हणाले. ऐंशी हर्ट्झच्या खालचं कापलं. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, त्याखाली जे होतं ते तबल्याच्या डग्ग्याच्या जागेवर अतिक्रमण. "बोदेपणा गेला." वरून सात हजारांपाशी कापलं, तरी किनरं वाटत होतं, म्हणून पेटीसमोरचा तो काल्पनिक माइक स्पीकरच्या मध्यावरून कडेकडे सरकवला. इथे बाबा खुर्चीतून पुढे झुकले.

"थोडं अजून. फार झालं. मागे घे. केसभर."

मी मान वर करून पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा-तर्जनीत न दिसणारा दोरा धरल्यासारखी बोटं हलत होती.

मिड परत आणला, चांगला भरपूर. एकटं ऐकलं तर आवाज अजूनही थोडा नाकातला वाटतो, खोटं कशाला सांगू. पण पेटीबरोबर तोच आवाज स्वतःची जागा धरून बसतो. रिव्हर्ब काढून टाकला, हॉल स्वतःचा आणतोच. याला एकूण सहा दुपारी लागल्या. बाबांच्या बाबतीत तीन फेऱ्या झाल्या. त्यांना अगदी पूर्वीसारखं ऐकू येत नाही. वरचे काही सूर गेले ते गेलेच. पण तानपुरा आता हलत नाही.

दिवाळी पहाटेला पुन्हा काकू, पेटी, तबला आणि मी. या वेळी वायर सरळ मिक्सरमध्ये. कार्यक्रमाआधी अर्धा तास जाऊन हॉलच्या शेवटच्या रांगेतून ऐकलं आणि तिथेच बेस आणखी थोडा उतरवला. पहाटे साडेपाचला थंडीत बोटं वळत नव्हती. गिटारबद्दल नंतर कुणी काही बोललं नाही. पेटीवाले काका तेवढं म्हणाले, "आज आपलं जमलं."

बाबा पहिल्या रांगेत होते. पूर्ण वेळ मशिनं कानात. तिसऱ्या गाण्यानंतर त्यांनी मला हाताने खूण केली. मला वाटलं, शाबासकी. मी वाकून कान पुढे केला.

"दुसरी तार उतरली आहे रे," ते म्हणाले. "लाव आधी."

ट्यूनर लावून पाहिलं. उतरली होती.