सायलेन्सरच्या मागे

माझ्या ३५० सीसीच्या गाडीचा कॅट काढायचा, हे जवळजवळ ठरलं होतं. पुण्याच्या उन्हाळ्यात सिग्नलला थांबलं की उजव्या पोटरीला चटके बसायचे, आणि सगळं खापर मी या कॅटवर, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर फोडायचो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि गाडीच्या घशात बोळा कोंबला, असं मित्रांत ठासून सांगायचो. आत काय असतं, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं.

एका मित्रानं तो आधीच काढला होता. आवाज भारदस्त झाला होता, मला हेवा वाटायचा. मेकॅनिकशी बोलणं झालं, शनिवारी गाडी द्यायची ठरली. दंड दहा हजारांपर्यंत होऊ शकतो हे माहीत होतं, म्हणून पीयूसी कुठून मिळेल याचीही चौकशी करून ठेवली होती. पकडलं गेलो तर काय, एवढाच विचार मी केला होता. धूर कुणाच्या छातीत जाईल, हा प्रश्न डोक्यात आलाच नाही. याची आज लाज वाटते.

त्याआधीच्या रविवारी आम्ही मुळशीला गेलो. येताना भूगावजवळ रस्ता तुंबला आणि मी नेमका मित्राच्या गाडीमागे अडकलो. पुढे सरकता येईना, बाजूलाही होता येईना. आधी कच्च्या पेट्रोलचा वास आला, मग डोळे चुरचुरायला लागले. शेजारच्या स्कूटरवर आईच्या पुढ्यात एक पोर उभं होतं. त्यानं मागे वळून आईच्या ओढणीत तोंड खुपसलं. आईनं पुढच्या गाडीकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. शनिवारनंतर त्या गाडीच्या जागी माझी गाडी असणार होती. इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण आपल्याच सायलेन्सरच्या मागे मी कधी उभा राहिलो नव्हतो.

रात्री वाचत बसलो. तो बोळा नव्हताच. मधाच्या पोळ्यासारखी आरपार जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, र्‍होडियमचा पातळ थर. न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तिथं ऑक्सिजनशी संयोग होऊन पुष्कळसं निरुपद्रवी होतं, नायट्रोजनची विषारी संयुगं फुटतात. आणि जे माझ्या नाकाला झोंबलं, ते यातलं निम्मंच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. त्या पोराला ओढणीचा काय उपयोग झाला असेल?

सकाळी मेकॅनिकला नको म्हणून कळवलं. पोटरीला चटके अजून बसतात, जाड जीन्स घालतो. मित्राला मात्र अजून काही बोललेलो नाही. गेल्या रविवारी आम्ही पुन्हा निघालो, तेव्हा मी गुपचूप माझी गाडी पुढे काढली.