चोखणी आणि काळा बोळ

लहान मुलाचे पहिले दुःख कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही म्हणू, सवयीची वस्तू हातची जाणे. मोठी माणसे रबरी चोखणीची थट्टा करतात. परंतु दीड-दोन वर्षांच्या जिवाला ती थट्टा नसते. आई शेतावर गेली, घरात अंधार झाला, दारात परका माणूस उभा राहिला, की तेवढाच एक आधार तोंडात असतो.

नंदुरबार तालुक्यातील रनाळे येथे आम्ही एका घरी आशीर्वादासाठी गेलो होतो. दोन वर्षांचे पोर आजीच्या पदराआड उभे होते. "काढ ती चोखणी, नाहीतर फादर घेऊन जातील," आजी म्हणाली. पोराने आमच्या झग्याकडे पाहिले आणि चोखणी दातांत अधिकच घट्ट धरली. सून हळूच म्हणाली, "फादर, मिरचीचं पाणी लावून पाहिलं. रात्रभर रडला, पण सोडली नाही."

नंदुरबार हा मिरचीच्या बाजारपेठेचा मुलूख. तो उपाय सहज हाताशी येतो. कोठे कडुनिंब लावतात, कोठे काळा बोळ. तिखटाने कोवळे तोंड पोळते, हे तर खरेच. परंतु आम्हाला अधिक चिंता वाटली ती धाकाची. फादर म्हणजे आवडती वस्तू हिरावून नेणारा, असे ज्याच्या मनावर ठसले, तो उद्या देवाविषयीही तेच मानील.

चोखणी सोडवायला हवी, यात शंका नाही. ती फार काळ राहिली तर वरच्या-खालच्या दातांत फट पडते, कानाचे दुखणेही वाढू शकते. जमिनीवर पडलेली तशीच तोंडात गेली की हगवण ओढवते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी 1989 साली स्तनपान करणाऱ्या बाळांना चोखणी देऊ नये असे सांगितले होते. 2018 साली त्यांनी शब्द बदलले: आईला तिचे धोके समजावून सांगावेत. मनाईच्या जागी समजावणी आली. आम्हीही सुनेला एवढेच सांगितले, "आधी दिवसा खेळात विसरू द्या, फक्त झोपताना द्या, मग एके रात्री तिच्या जागी तुमचा हात द्या." काही आठवड्यांनी कळले, पोर आईचे बोट धरून झोपते.

सोळाव्या शतकातील क्रूसाचे संत योहान यांनी 'काळोखी रात्र' या ग्रंथाच्या आरंभीच परमेश्वराला अशा आईची उपमा दिली आहे, जी मूल वाढू लागताच स्तनाला काळा बोळ लावते आणि त्याला कडेवरून उतरवून पायांवर चालायला लावते. प्रार्थनेतील गोडवा ओसरतो तेव्हा हेच घडत असते. परंतु त्या उपमेतील कडूपणा आईच्या हातचा आहे आणि आई जवळच उभी आहे. कडू तेवढे देऊन हात काढून घेणे, ही निव्वळ निष्ठुरता होय.

इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली, असे उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात आहे. धाक नाही, मेजवानी! आणि 131 व्या स्तोत्रातील दूध तुटलेले बालक आईपासून दूर गेलेले नाही. ते तिच्यापाशीच शांत आहे. आता त्याला दूध नको, आई हवी आहे. आपल्या घरांतून मुलांना आणि आपल्या मंदिरांतून भाविकांना एवढे देता आले, तर सुटलेल्या वस्तूचे दुःख फार दिवस टिकणार नाही.